लग्नाचे फोटो एडिट करायला येताय? आधी निळा चॅनल बघायला शिका

रॉ फाइल्स (सेन्सरने टिपलेला कच्चा डेटा) एडिट करण्याच्या कामात नव्याने आलेली मुलं दोन प्रश्न हमखास विचारतात. नॉइज (फोटोतले दाणे आणि रंगीत डाग) कसा काढायचा, आणि चेहऱ्याचा रंग नीट कसा आणायचा. उत्तरंही वेगवेगळी शोधतात, एका व्हिडिओत डीनॉइज, दुसऱ्यात कलर ग्रेडिंग. लग्नाच्या हॉलमध्ये काढलेल्या फोटोंपुरतं माझं मत असं, की बहुतेक वेळा ही तक्रार एकच असते आणि तिचं मूळ निळ्या चॅनलमध्ये, म्हणजे फोटोच्या लाल, हिरव्या, निळ्या थरांपैकी निळ्यात असतं. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मे स्लायडर हलवावेसेच वाटत नाहीत.

सेन्सरला रंग दिसत नाही, फक्त उजेड मोजता येतो. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या नावावर १९७६ साली या मांडणीचं पेटंट झालं आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच वापरतात. निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल, पाव निळ्या. निकॉन डी८५० चे ४५.७ मेगापिक्सेल म्हणजे साधारण २ कोटी २८ लाख हिरवे पिक्सेल आणि लाल-निळे प्रत्येकी १ कोटी १४ लाखांच्या आसपास. एका ठिकाणचे उरलेले दोन रंग शेजारच्या पिक्सेलांवरून काढलेला अंदाज असतो. निळ्याच्या वाट्याला मुळातच जागा कमी आली, हे इथे लक्षात घ्या.

आता उजेडाचा हिशोब. फोटॉन पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात, आणि ही अनियमितता संख्येच्या वर्गमुळाएवढी असते. एका पिक्सेलवर १०,००० फोटॉन मोजले गेले तर चढउतार १०० चा, म्हणजे एक टक्का. १०० च मोजले गेले तर चढउतार १० चा, म्हणजे दहा टक्के. अंधाऱ्या भागात फोटो ‘फुटतो’ त्याचं मुख्य कारण हे. सेन्सरच्या इलेक्ट्रॉनिक्सचा स्वतःचा नॉइजही असतो, पण आजच्या चांगल्या कॅमेऱ्यांत तो अगदी गडद भागातच जाणवतो.

हळदीचा कार्यक्रम संध्याकाळी, मंडपात पिवळ्या बल्बच्या माळा. अशा बल्बचा उजेड २७०० ते ३००० केल्विनच्या घरातला, त्यात निळा फारच थोडा. पांढरा सदरा पांढरा दिसावा म्हणून व्हाइट बॅलन्स काय करतो? निळ्या चॅनलला गुणतो. काही कॅमेऱ्यांत अडीच-तीन पट. गुणाकारात उजेड वाढतो तसा त्यातला नॉइजही वाढतो आणि लाल-हिरव्याच्या पंगतीत येऊन बसतो. म्हणजे कॅमेऱ्यावर आयएसओ (टिपलेला उजेड किती उचलायचा तो आकडा) १६०० दिसत असला तरी निळा चॅनल प्रत्यक्षात त्याहून बराच वरचा आयएसओ भोगतोय. काळ्या केसांत आणि गडद शालूत जांभळट-पिवळट डाग दिसतात, ते हेच.

त्यात हळद. हळदीतलं कर्क्युमिन निळा प्रकाश शोषून घेतं, म्हणून तर ती पिवळी दिसते. बल्बमध्ये निळा नाही, हळदीतून परत येत नाही, सेन्सरवर निळ्याचे पिक्सेल पाव. हळद लावलेल्या नवरीच्या गालावर निळ्या चॅनलमध्ये जवळजवळ काही उरतच नाही. फोटोशॉपमध्ये कंट्रोल ५ दाबून एकदा बघा (परत यायला कंट्रोल २). लाल चॅनल गुळगुळीत, हिरवा ठीकठाक, आणि निळ्यात वाळूचं वादळ. कुठलाही फोटो हाती आला की एडिटिंग सुरू करण्याआधी हे तीन चॅनल एकेक करून बघायची सवय लावा. नव्या माणसाला याहून उपयोगी सवय मला माहीत नाही.

इथे रंगाची बाजू येऊन मिळते. कॅमेऱ्याचे लाल-हिरवा-निळा आणि आपल्या स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा एक नसतात, म्हणून सॉफ्टवेअर एकातून दुसऱ्यात रूपांतर करतं. या गणितात एका चॅनलमधून दुसरा काही प्रमाणात वजा होतो. वजाबाकीने रंग गडद होतो, नॉइज मात्र वजा होत नाही, त्यात भरच पडते. गडद पिवळा एसआरजीबीत (साध्या स्क्रीनच्या ठरलेल्या रंगांच्या मर्यादेत) आणताना निळ्याचं उत्तर शून्याच्या खाली जातं आणि शून्यावर कापलं जातं. मामाकडून आलेल्या पिवळ्या अष्टपुत्रीच्या चुण्या गायब होऊन सपाट पिवळा पत्रा उरतो, तो यामुळे. नवखा एडिटर तिथे क्लॅरिटी वाढवतो. क्लॅरिटीने काही परत येत नाही. पिवळ्याचं सॅच्युरेशन थोडं उतरवा, पिवळ्याचा ल्युमिनन्स (उजळपणा) बदलून बघा, चुण्या हळूहळू दिसू लागतात. लाइटरूमच्या डेव्हलपमध्ये एस दाबला की सॉफ्ट प्रूफ सुरू होतं आणि एसआरजीबीत कुठला भाग कापला जाणार ते आधीच कळतं. काम शेवटपर्यंत १६ बिटमध्ये आणि मोठ्या कलर स्पेसमध्ये ठेवा, एसआरजीबी फक्त एक्स्पोर्टच्या वेळी.

जास्त मेगापिक्सेल म्हणजे जास्त नॉइज, असं अजूनही छातीठोकपणे सांगितलं जातं. १०० टक्क्यांवर झूम करून बघितलं तर तसं दिसतं खरं. पण १०० टक्के म्हणजे किती मोठं? सोनी ए७आर फोरची ६१ मेगापिक्सेलची फाइल ९५०४ पिक्सेल रुंद असते. साध्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर ती १०० टक्क्यांवर पूर्ण बघायची तर स्क्रीन साडेआठ फूट रुंद लागेल. एवढ्या आकाराचा फोटो कोणी वीतभर अंतरावरून बघत नाही. चार पिक्सेलांचा एक केला की नॉइज निम्म्यावर येतो, आणि ६१ चे १५ मेगापिक्सेल तरीही उरतात. दोन कॅमेऱ्यांची तुलना करायचीच तर दोन्ही फाइल्स एकाच मापाला आणून करा. सेन्सरचा आकार, अपर्चर आणि शटर तेच असेल तर पडणारा एकूण उजेडही तोच असतो.

जास्त मेगापिक्सेलच्या कित्येक कॅमेऱ्यांचा खरा त्रास वेगळाच आहे, मॉअरे, म्हणजे बारीक विणीवर उठणारे खोटे पट्टे. निकॉनने २०१२ मध्ये डी८०० आणला तेव्हा सोबत डी८००ई काढला, ज्यात प्रतिमा किंचित मऊ करणाऱ्या फिल्टरचा परिणाम रद्द केला होता. त्यानंतर डी८१० आणि डी८५० मध्ये तो फिल्टरच नाही. तपशील कडक येतो, पण शेरवानीच्या बारीक विणीवर इंद्रधनुषी पट्टे उठतात. मॉअरे ब्रश ते काढतो, मात्र काढताना तिथला रंगच धुतो. पैठणीच्या जरीवरून तो फिरवलात तर सोनं राखाडी होईल. जरीला हात न लावता फक्त कापडावर मास्क करा.

डीनॉइजबद्दल. डोळा उजेडातला बारकावा नीट टिपतो, रंगातला तेवढा नाही. त्यामुळे रंगाचा नॉइज बिनधास्त पुसता येतो, उजेडाचा जपून. लाइटरूम रॉ फाइलवर रंगाचं नॉइज रिडक्शन २५ आणि ल्युमिनन्सचं शून्य धरून सुरुवात करतं, ते उगीच नाही. रंगाचा स्लायडर फार ओढलात तर कुंकवाची कडा कपाळात झिरपते आणि हिरव्या चुड्याचा रंग मनगटावर उतरतो. एप्रिल २०२३ पासून लाइटरूममध्ये एआय डीनॉइज आहे आणि निळ्याचं वादळ ते खरोखर चांगलं शमवतं. बाकी काही करण्याआधी ते चालवा. पण ते ५० वर सुरू होतं, मी ३०-३५ च्या वर क्वचित जातो. ग्रुप फोटोत मागच्या रांगेतले चेहरे लहान असतात, तिथे सॉफ्टवेअर नसलेल्या पापण्या आणि भुवया रेखाटतं. नवरीची आत्या स्वतःला ओळखणार नाही, आणि फोन तुम्हालाच येणार.

फोटोग्राफरशी बोलायचं ते शूटच्या आधी. हॉलमध्ये उजेड बदलला की ग्रे कार्डचा (रंग जुळवायच्या राखाडी कार्डाचा) एक फोटो काढून ठेवा, एवढी एकच विनंती केलीत तरी तुमचे तास वाचतील. कमी आयएसओवर काळोखा फोटो काढून ‘एडिटमध्ये उचल’ म्हणणारे भेटतात. ‘दादा, माझा चेहरा एवढा काळा का?’ हे पुढे पाहुण्यांकडून तुम्हीच ऐकता. आयएसओ वाढवल्याने नॉइज येत नाही, उजेड कमी पडल्याने येतो. कित्येक सेन्सर एका ठरावीक आयएसओला वेगळ्या गेनवर (सिग्नल वाढवायच्या पातळीवर) जातात, डी८५० सुमारे ४०० ला, ए७आर फोर ३२० ला. त्याच्या जरा खाली काढून उचललेल्या सावल्या जास्त खराब दिसतात.

स्टेजवरच्या निळ्या एलईडीचं प्रकरण याच्या अगदी उलट. तिथे निळा भरून वाहतो आणि लाल-हिरवा उपाशी. कॅमेऱ्याचा साधा हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सगळं ठीक दाखवतो, तिन्ही रंग वेगळे दाखवणारा आरजीबी हिस्टोग्राम खरं सांगतो. असा चेहरा सुधारण्याच्या नादी लागू नका, ब्लॅक अँड व्हाइट करताना हिरव्या चॅनलमध्ये काही उरलंय का ते बघा. स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. शटर १/१०० ठेवलं तर पट्टे टळतात, पण अंतरपाट सरकल्यावर उडणाऱ्या अक्षता थिजवायला तो वेग पुरत नाही. मुहूर्ताच्या क्षणी फोटोग्राफर १/५०० वर जाणार आणि काही फ्रेम्समध्ये पट्टे येणार, हे गृहीत धरा. लागोपाठच्या फ्रेम्समध्ये पट्टा जागा बदलतो, त्यातली चेहऱ्यावर पट्टा नसलेली निवडायची.

आणि मॉनिटर. नव्या लॅपटॉपचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून काम केलंत तर छापून आलेला अल्बम काळोखा दिसणारच. ब्राइटनेस १०० ते १२० निट्सपर्यंत (निट हे स्क्रीनच्या उजेडाचं माप) उतरवा, जमेल तेव्हा कॅलिब्रेटर (स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं उपकरण) घ्या, तोवर मित्राचा मागा. आपल्याकडच्या नेहमीच्या १२ बाय ३६ इंची अल्बमचं उघडलेलं एक जोडपान ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) सुमारे ३९ मेगापिक्सेलचं होतं. त्यावर थोडा बारीक दाणा छान दिसतो, घासून गुळगुळीत केलेली त्वचा मात्र लगेच कळते. लॅबकडे पूर्ण अल्बम पाठवण्याआधी हळद, मुहूर्त आणि स्टेज अशा तीन उजेडांतले फोटो एकाच शीटवर छापून मागवा आणि ती शीट ट्यूबलाइटखाली न बघता दिवसा खिडकीपाशी बघा.