तिघांचा बँड, घोडबंदरचा कार्यक्रम

सोसायटीच्या वार्षिक कार्यक्रमात ‘द पोलीस’ या तिघांच्या इंग्लिश रॉक बँडची गाणी वाजवायची ठरली, की पहिली खेप पोलिसांकडेच: लाउडस्पीकरची परवानगी. अर्जावर बँडचं नाव जपून लिहा. रात्री १० म्हणजे १०, त्यामुळे शेवटचं गाणं पावणेदहाला सुरू व्हायला हवं. गाणी दुसऱ्याची आहेत, तेव्हा आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) लायसन्स कोण काढणार हे कमिटीला आधीच विचारून ठेवा.

खरी तयारी ठेक्याची. १९७७ साली लंडनमध्ये पंकचा, म्हणजे वेगवान, रांगड्या रॉकचा धुरळा उडत असताना हा बँड उभा राहिला, पण त्यांचा गायक आणि बेसवादक स्टिंग न्यूकॅसलच्या जॅझमधून आलेला. म्हणून वेग पंकचा असला तरी मधे मोकळी जागा आहे, आणि ती रेगे या जमैकन संगीताची. वन ड्रॉप या रेगेच्या ठेक्यात पहिली मात्रा रिकामी, किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) तिसरीवर. रूपक तालात समेवरच ‘खाली’ येते, तसं काहीसं. तबला शिकलेल्या ड्रमरला हे पटकन उमजतं. आयुष्यभर मेटल बडवलेल्याचा पाय पहिल्या मात्रेवर पडतोच. त्याला आठवडाभर नुसता मेट्रोनोम आणि किक द्या, बाकी काही नाही. गिटारने दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर तुटक कॉर्ड मारायचे आणि लगेच तार दाबायची. कडव्यात रेगे, धृपदाला सरळ रॉक: ते वळण घोटा, अख्खं गाणं नंतर. की-बोर्डवाला मित्र ‘मीपण येतो’ म्हणेल. नको म्हणा. चौथा माणूस त्या मोकळ्या जागा भरत बसतो.

स्टिंगची पट्टी फार वरची. एक-दोन स्वर खाली घ्या, लाज बाळगू नका. मात्र चालीत बदल नको. १९८० साली हा बँड मुंबईत वाजवून गेलाय, प्रेक्षकांत तेव्हाचे एखादे काका निघतीलच.

त्यांचा ड्रमर स्टुअर्ट कोपलंडसारखा कडक आवाज हवा तर स्नेअर चांगली ताणून घ्या. छोटी स्प्लॅश सिंबल भाड्याच्या किटबरोबर मिळेलच असं नाही, स्वतःची न्या. ड्रम-की, जादा तारा, डिलेच्या पेडलचा ॲडॅप्टर, चिकटपट्टी. डेकोरेटरच्या लाइटिंगची लाइन वेगळी मागा, नाहीतर ॲम्प घूं करत राहतो. साउंड चेक मुलांच्या डान्सच्या आधीच उरका, नंतर स्टेज मिळत नाही. टेम्पो दुपारी तीनच्या आत पातलीपाड्याच्या पुढे गेलेला बरा. संध्याकाळी घोडबंदर रोड कुणाचा नसतो.