किंग्स्टनची माध्यमे आणि माणसे : विकिपीडियासाठी हे दोन विभाग कसे लिहावेत

कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या किंग्स्टन शहरावर (२०२१च्या जनगणनेत लोकसंख्या १,३२,४८५) मराठी विकिपीडियासाठी लिहायचे असेल, तर माध्यमांचा विभाग आधी लिहा आणि व्यक्तींचा नंतर. कोण कुठे जन्मले, शहर कधी सोडून गेले, याचा पुरावा बहुतेक वेळा स्थानिक वर्तमानपत्राच्या जुन्या अंकांत मिळतो. त्या पत्राची जुनी नावे ठाऊक नसली, तर शोध भलत्याच ठिकाणी सुरू होतो.

‘किंग्स्टन व्हिग-स्टँडर्ड’चेच पाहा. ते १८३४ साली ‘ब्रिटिश व्हिग’ म्हणून निघाले आणि १९२६मध्ये ‘डेली स्टँडर्ड’शी विलीन होऊन त्याला आजचे जोडनाव मिळाले. १९०० सालची बातमी ‘व्हिग-स्टँडर्ड’ या नावाखाली शोधलीत, तर हाती काही लागणार नाही. लेखात दोन्ही जुनी नावे द्या आणि त्यांची पुनर्निर्देशनेही (जुन्या नावाने शोधले तरी याच लेखावर आणणारी पाने) करून ठेवा. मालकीचे वाक्य वेगळे ठेवा. आज मालक पोस्टमीडिया ही वृत्तपत्र कंपनी आहे; उद्या ते बदलले, तर तेवढेच वाक्य दुरुस्त करावे लागेल.

दूरचित्रवाणीत गोंधळ जास्त होतो. सीकेडब्ल्यूएस हे किंग्स्टनचे केंद्र १९५४मध्ये सुरू झाले. अनेक दशके त्यावर सीबीसी या कॅनडाच्या सार्वजनिक प्रसारणसंस्थेचे कार्यक्रम लागत. २०१५मध्ये ते सीटीव्ही या खासगी वाहिनीजाळ्याचे कार्यक्रम दाखवू लागले आणि २०१८मध्ये ‘ग्लोबल’ या दुसऱ्या जाळ्याचे केंद्र झाले. तीन संदर्भ तीन गोष्टी सांगतील, आणि तिन्ही आपापल्या काळापुरत्या खऱ्या असतील. त्यातला एक निवडू नका. तिन्ही वर्षांसह लिहा.

रेडिओ केंद्राची नोंद त्याच्या संकेतनामावरून (परवान्यातल्या अक्षरी नावावरून) करा, कारण जाहिरातीतले नाव वारंवार बदलते. शहरातल्या क्वीन्स विद्यापीठाचे सीएफआरसी (१०१.९ मेगाहर्ट्‌झ) यादीत हवेच, त्याची सुरुवात १९२२ची, म्हणजे कॅनडातल्या सर्वांत जुन्या केंद्रांपैकी ते एक आहे. संकेतनाम ‘डब्ल्यू’ने सुरू होत असेल तर ते केंद्र अमेरिकेचे. नदीपलीकडच्या न्यूयॉर्क राज्यातली केंद्रे किंग्स्टनमध्ये ऐकू येतात, पण तेवढ्यावर ती किंग्स्टनची ठरत नाहीत. परवाना कोणत्या शहराच्या नावाने आहे, हे सीआरटीसी या नियामक आयोगाच्या निर्णयपत्रात पाहा. केंद्र दुसऱ्या शहराचेच कार्यक्रम पुनःप्रक्षेपित करत असेल, तर मूळ केंद्राचे नाव सोबत द्या.

आता माणसे. नुसती नावांची रांग लावू नका. प्रत्येक नावापुढे शहराशी असलेले नाते एका ओळीत लिहा : जन्म, बालपण, कर्मभूमी की अंत्यस्थान. गायक ब्रायन अॅडम्स १९५९मध्ये इथे जन्मले, पण त्यांची कारकीर्द घडली व्हँकुव्हरमध्ये. आर्थर मॅकडोनल्ड यांचा जन्म नोव्हा स्कोशियातल्या सिडनीचा. तरी २०१५चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळालेले हे क्वीन्सचे प्राध्यापक किंग्स्टनच्या यादीत बसतातच. कॅनडाचे पहिले पंतप्रधान जॉन ए. मॅकडोनल्ड ग्लासगोत जन्मले, किंग्स्टनमध्ये वाढले, इथेच वकिली केली आणि कॅटारॉक्वी दफनभूमीत विसावले. ‘द ट्रॅजिकली हिप’ हा बँड १९८४मध्ये शहरात तयार झाला, पण गायक गॉर्ड डाउनी शेजारच्या अॅमहर्स्टव्ह्यूचे. म्हणून बँड आणि गायक यांच्या नोंदी वेगळ्या करा. आइस हॉकीतले डॉन चेरी आणि डग गिल्मोर यांचा जन्म किंग्स्टनचाच, तिथे अडचण नाही.

वगळायचे कोणाला, हे ठरवणे अधिक महत्त्वाचे आहे. किंग्स्टन पेनिटेन्शरी हे कारागृह १८३५ ते २०१३ चालले. तिथल्या कुप्रसिद्ध कैद्यांना ‘रहिवासी’ म्हणून घालू नका, त्यांची जागा कारागृहाच्या लेखात. शिकायला आलेल्यांचेही तसेच. इलॉन मस्क क्वीन्समध्ये सुमारे दोन वर्षे होते. ते विद्यापीठाच्या लेखात नोंदवा.

सर्वांत मोठी चूक नावसाधर्म्याने होते. जमैकाच्या राजधानीचे नावही किंग्स्टन असल्याने तिथले संगीतकार आणि धावपटू या यादीत घुसतात. ‘किंग्स्टन येथे जन्म’ एवढेच लिहिलेला संदर्भ पुरेसा मानू नका. त्यात ऑन्टारियोचा उल्लेख नसेल, तर दुसरा संदर्भ मिळेपर्यंत ते नाव चर्चापानावर ठेवा. हयात व्यक्तीच्या बाबतीत तर संदर्भ नसलेली ओळ लगेच काढून टाका, आणि राहत्या घराचा पत्ता कुठे छापून आलेला असला तरी लेखात घेऊ नका.