थंड पाण्यातलं डायव्हिंग आणि घरची सहल : या चुका टाळा

थंड पाण्यातल्या डायव्हच्या बहुतेक चुका पाण्यात होत नाहीत. त्या ठाण्यात, जेवणाच्या टेबलावर, मे महिन्याच्या सहलीचं वेळापत्रक आखताना होतात. मी तिथेच केल्या. आइसलँडची दहा दिवसांची सहल, सोबत नवरा, अकरा वर्षांची लेक आणि सासूबाई. त्यातल्या एका सकाळपुढे मी लिहून ठेवलं होतं, ‘सिल्फ्रा, १ तास’.

सिल्फ्रा ही थिंगवेलिर राष्ट्रीय उद्यानातली पाण्याने भरलेली भेग. उत्तर अमेरिकेचा भूपट्ट आणि युरेशियाचा भूपट्ट एकमेकांपासून दूर सरकताहेत, तिथली. लांगयोकुल हिमनदीचं पाणी लाव्हाच्या खडकातून वर्षानुवर्षं झिरपत इथे येतं, म्हणून नजर १०० मीटरपर्यंत जाते. पाणी मात्र बारा महिने २ ते ४ अंश सेल्सिअस. पाण्याखाली तुम्ही असता अर्धा-पाऊण तास. पण सूचना ऐकणं, गाडीतळावर उघड्यावर सूट चढवणं, अंगावर सगळा भार घेऊन चालत जाणं आणि परत येऊन बधिर बोटांनी तो उतरवणं धरलं, तर आमचे साडेतीन तास गेले. सासूबाई तेवढा वेळ गाडीत. मी परतल्यावर म्हणाल्या, “तास म्हणाली होतीस ना गं? एवढ्यात घोडबंदरच्या ट्रॅफिकमधूनसुद्धा बोरिवलीला जाऊन परत आले असते!”

म्हणून डायव्हला अर्धा दिवस द्या, आणि घरच्यांना त्यांचा स्वतःचा कार्यक्रम द्या. थिंगवेलिरमध्ये तो सहज जमतो. अल्मानग्याच्या खिंडीतून चालत जाता येतं, इ.स. ९३० पासून आइसलँडची आल्थिंग सभा जिथे भरायची ती जागा बघता येते, धबधबा आहे. नवऱ्याला गाडीची किल्ली देऊन ‘इथेच थांब’ म्हणू नका. तो थांबतो, पण पुढची पाच वर्षं ऐकवतो.

लेकीचं प्रकरण वेगळं. तिला स्नॉर्कलिंग (म्हणजे नळीने श्वास घेत पाण्याच्या वरवरच पोहणं) करता येईल असं मी गृहीत धरलं होतं. सिल्फ्राला स्नॉर्कलिंगसाठी प्रमाणपत्र लागत नाही, पण किमान वय १२ आहे आणि उंची-वजनाचीही अट असते. हे तिला रेक्याविकमध्ये पोचल्यावर कळलं. ते रडणं टाळता आलं असतं, फक्त बुकिंगच्या आधी अटी वाचायच्या होत्या.

‘मालवणला केलंय की!’

ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. मालवण-तारकर्लीला बहुतेक जण करतात तो अनुभव-डायव्ह असतो. इन्स्ट्रक्टर मागून सिलिंडर धरून असतो, आपण मासे बघतो, व्हिडिओ घरी नेतो. त्यात काही गैर नाही, पण त्याने कुणी डायव्हर होत नाही. ओपन वॉटर, म्हणजे स्कूबाचं पहिलं प्रमाणपत्र असलं तरी थंड पाण्यासाठी ते पुरत नाही. सिल्फ्रात डायव्हला ड्रायसूटचं (आत पाणी येऊ न देणारा, आत हवा भरता येणारा सूट) प्रमाणपत्र किंवा लॉगबुकात, म्हणजे डायव्हच्या नोंदवहीत, नोंदलेले ड्रायसूटचे डायव्ह मागतात. आपल्या कोमट समुद्रात ड्रायसूट शिकायची सोय शोधत बसू नका. जिथे जाताय तिथेच, एक सत्र पूलमध्ये आणि दोन डायव्ह उघड्या पाण्यात, असा कोर्स होतो. त्याचे एक-दोन दिवस वेळापत्रकात आधीच धरा. आणि ते पहिल्याच दिवशी नकोत. विमानातल्या एसीने नाक चोंदलं असेल तर कान मोकळे होत नाहीत, आणि डायव्ह तिथेच संपतो.

वैद्यकीय फॉर्मही निघण्याआधी भरा. दमा, रक्तदाब, मधुमेह अशा एखाद्या उत्तराला ‘हो’ आलं की डॉक्टरांची सही लागते. ती नौपाड्यातल्या आपल्या डॉक्टरांकडून मिळवणं सोपं. परदेशात रविवारी सकाळी डॉक्टर कुठे शोधणार? प्रवासविम्यात स्कूबा धरलंय का आणि किती खोलीपर्यंत, तेही बघा.

मंगळसूत्र, केस आणि सुती बनियन

ड्रायसूट पाणी अडवतो तो मान आणि मनगटाच्या पट्ट्यांवर. तिथे मंगळसूत्राची एक वाटी, बांगडी किंवा चार केस अडकले की बर्फासारखं पाणी आत येतं. दागिने हॉटेलच्या तिजोरीत, केस हूडच्या, म्हणजे डोक्यावरच्या घट्ट टोपीच्या आत, नखं कापलेली. आतून सुती काही नको. सूट चढवताना घाम येतो, सूत तो धरून ठेवतं आणि मग अंग गार करत बसतं. लोकर किंवा फ्लीस घाला. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढतं, त्यामुळे इथे चालढकल नको. जाड हातमोजे घालून बकल लावायचा सराव मात्र घरी करता येतो. माझ्या लेकीने स्टॉपवॉच लावून तो करून घेतला, फारच आनंदाने.

खाली जाता यावं म्हणून अंगावर लावतात ती वजनं समुद्रातल्या सवयीने लावू नका. सिल्फ्राचं पाणी गोडं, त्यात समुद्रापेक्षा दोन-तीन किलो कमी लागतात.

पाण्यात काही बिघडलं तर

रेग्युलेटरमधून (सिलिंडरची हवा तोंडापर्यंत पोचवणारं यंत्र) हवा सुसाट सुटायला लागणं, ही थंड पाण्याची खास अडचण. सिलिंडरमधली दाबाखालची हवा पसरताना गार होते, आत बर्फ धरतो आणि झडप उघडीच राहते. सिलिंडर काही मिनिटांत रिकामा होऊ शकतो. जोडीदाराला खूण करा, त्याच्या जादा रेग्युलेटरवर जा, नेहमीच्याच वेगाने वर या आणि डायव्ह संपवा. टाळायचं तर पाण्याबाहेर रेग्युलेटरमधून श्वास घेऊन बघू नका, पर्जचं, म्हणजे हवा जोरात सोडायचं बटण दाबून धरू नका, आणि श्वास घेता घेता सूटमध्ये हवा भरू नका.

पायात हवा जाऊन पाय वर, डोकं खाली झालं तर गुडघे पोटाशी घ्या, कोलांटी मारून सरळ व्हा आणि मग सूटमधली हवा सोडणारी खांद्याची झडप उघडा. हे वाचून येत नाही. कोर्स त्यासाठीच आहे.

डायव्ह झाल्यानंतरचे तास

एका डायव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डायव्ह किंवा सलग दिवस झाले असतील तर किमान १८ तास विमान नको. मी २४ धरते. डायव्हमध्ये अंगात नायट्रोजन विरघळलेला असतो, आणि उंचावर हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. विमानाइतकाच डोंगरही मोजा. केप टाउनला सकाळी केल्पच्या (उंच समुद्री शेवाळाच्या) जंगलात डायव्ह आणि दुपारी सगळ्यांसोबत केबल कारने टेबल माउंटन, हा बेत कागदावर छान दिसतो, पण तो डोंगर १,०८६ मीटर उंच आहे. क्रम उलटा करा, डोंगर आधी.

गरम पाण्याची कुंडं हा आइसलँडमधला मोह. कुडकुडत बाहेर आलात आणि घरचे आधीच टबात बसलेत. थांबा. अंग एकदम तापवलं तर त्वचेजवळ विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे व्हायची शक्यता वाढते. कोरडे कपडे, टोपी, गरम सूप, आणि टब संध्याकाळी. ब्लू लगून विमानतळाच्या वाटेवर आहे, ते शेवटच्या दिवसासाठी ठेवा.

आणि डायव्हनंतर सांधे दुखले, मुंग्या आल्या, चक्कर आली किंवा विचित्र थकवा वाटला तर ‘थंडीमुळे असेल’ म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका. डायव्ह सेंटरला सांगा, ऑक्सिजन मागा, आइसलँडमध्ये ११२ ला फोन करा. ‘दोन दिवसांनी घरी जातोच आहोत, ठाण्यात दाखवू’ म्हणून विमानात तर मुळीच बसू नका, तिकीट बुडालं तरी चालेल.