झेडएफएसचे स्नॅपशॉट दुसऱ्या मशीनवर कसे पाठवावेत

घरातल्या किंवा छोट्या ऑफिसातल्या सर्व्हरवर झेडएफएस ही फाइलसिस्टिम (डिस्कवर फाइली साठवायची व्यवस्था) असेल, तर बॅकअपसाठी वेगळं सॉफ्टवेअर शोधायची गरज नाही. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये २००१ साली या फाइलसिस्टिमचं काम सुरू झालं. आज तिची ओपनझेडएफएस ही आवृत्ती लिनक्स आणि फ्रीबीएसडीवर चालते. स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणी डेटा जसा होता तशी गोठवलेली स्थिती, दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय तिच्यातच आहे.

खालच्या आज्ञा वाचायला सोप्या जाव्यात म्हणून देवनागरीत दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करा. मूळ डेटासेट (झेडएफएसमधला फोल्डरसारखा स्वतंत्र कप्पा) ‘टँक/फोटो’ आणि दुसऱ्या मशीनवरचा पूल (डिस्कचा मिळून बनलेला साठा) ‘बॅक’ असं धरू. दोन्हीकडे रूटचे, म्हणजे मुख्य ॲडमिनचे, अधिकार लागतील.

आधी स्नॅपशॉट घ्या:

झेडएफएस स्नॅपशॉट टँक/फोटो@सोम

हे क्षणात होतं, कारण डेटाची नक्कल होतच नाही. आता पूर्ण प्रत पाठवा:

झेडएफएस सेंड टँक/फोटो@सोम | एसएसएच बॅकअपमशीन झेडएफएस रिसीव्ह -एस -यू बॅक/फोटो

‘एसएसएच’ दुसऱ्या मशीनशी सुरक्षित जोडणी करून देतं. ‘यू’मुळे आलेला डेटासेट तिकडे लगेच माउंट होत नाही, म्हणजे वापरासाठी उघडला जात नाही. ‘एस’ची किंमत लाइन मध्येच तुटली की कळते: अर्धवट आलेला डेटा टाकून दिला जात नाही. अशा वेळी तिकडच्या डेटासेटची ‘रिसीव्ह_रिझ्यूम_टोकन’ ही प्रॉपर्टी ‘झेडएफएस गेट’ने वाचा, ते लांबलचक टोकन इकडे ‘झेडएफएस सेंड -टी’ला द्या आणि रिसीव्ह पूर्वीसारखंच चालवा. किती डेटा जाणार याचा अंदाज आधीच हवा असेल, तर सेंडला ‘-एन -व्ही’ जोडून बघा. त्याने काहीही पाठवलं जात नाही.

पहिली प्रत पोचली की लगेच तिकडे हे करा:

झेडएफएस सेट रीडओन्ली=ऑन बॅक/फोटो

ही पायरी बरेच जण गाळतात. नंतर कधी तो डेटासेट माउंट करून फोटो नुसते चाळले, तरी वाचल्याची वेळ नोंदवली जाऊ शकते आणि पुढच्या वेळी ‘डेस्टिनेशन हॅज बीन मॉडिफाइड’ म्हणत रिसीव्ह अडून बसतं. रीडओन्ली असताना नवे स्नॅपशॉट मात्र येत राहतात.

दुसऱ्या दिवशी ‘@मंगळ’ नावाचा स्नॅपशॉट घ्या आणि फक्त फरक पाठवा:

झेडएफएस सेंड -आय @सोम टँक/फोटो@मंगळ | एसएसएच बॅकअपमशीन झेडएफएस रिसीव्ह -एस -यू बॅक/फोटो

लहान ‘आय’ दोन स्नॅपशॉटमधला फरक पाठवतो, मोठा ‘आय’ मधले सगळे स्नॅपशॉटही घेऊन जातो. आरसिंक हे फाइली कॉपी करायचं नेहमीचं साधन बदल शोधायला एकेक फाइल तपासत बसतं. इथे डेटाचा प्रत्येक ब्लॉक (तुकडा) कधी लिहिला याची नोंद असतेच, त्यामुळे लाखो फाइली असल्या तरी काम पटकन उरकतं.

सगळी मदार आहे ती दोन्हीकडे असलेल्या सामायिक स्नॅपशॉटवर. जागा हवी म्हणून इकडचा ‘@सोम’ मंगळच्या आधीच उडवला, तर फरक काढायला आधारच उरत नाही आणि पुन्हा पहिल्यापासून पूर्ण प्रत पाठवावी लागते. काही टेराबाइट असतील तर घरच्या इंटरनेटवर हे किती दिवस चालेल, याचा हिशेब तुम्हीच करा. म्हणून त्याला कुलूप लावा:

झेडएफएस होल्ड ठेव टँक/फोटो@सोम

इथे ‘ठेव’ हे त्या होल्डला आपण दिलेलं नाव. होल्ड असेपर्यंत तो पुसता येत नाही. मंगळचा स्नॅपशॉट पोचला की त्यालाही होल्ड लावा आणि मगच सोमचा ‘झेडएफएस रिलीज’ने सोडा. इकडे जागेची फारच टंचाई असेल तर स्नॅपशॉटची नुसती खूण ‘झेडएफएस बुकमार्क’ने करून ठेवा. मग मूळ मशीनवरचा स्नॅपशॉट पुसला तरी बुकमार्कवरून फरक काढता येतो. तिकडचा स्नॅपशॉट मात्र शाबूत हवा.

काही अडलं की ‘रिसीव्ह’ला मोठा ‘एफ’ जोडा, असा सल्ला हमखास मिळतो. सवयीने जोडू नका. तो तिकडचा डेटासेट शेवटच्या स्नॅपशॉटपर्यंत मागे नेतो, आणि ‘सेंड -मोठा आर’च्या फरकासोबत वापरला तर इकडे पुसलेले स्नॅपशॉट तिकडूनही जातात. म्हणजे इकडची चूक बॅकअपवरही पोचली.

डेटासेट एन्क्रिप्टेड (किल्लीशिवाय न वाचता येणारा) असेल आणि बॅकअपचं मशीन दुसऱ्याच्या घरी असेल, तर सेंडला ‘डब्ल्यू’ लावा. डेटा आहे तसा कुलूपबंद जातो, किल्ली तिकडे द्यावी लागत नाही. पण पहिल्या प्रतीपासूनच तो लावायला हवा. साध्या प्रतीवर नंतर असा फरक चढवता येत नाही.

अधूनमधून तिकडे ‘झेडएफएस लिस्ट -टी स्नॅपशॉट’ने यादी बघा आणि डेटासेट माउंट करून, त्यातल्या ‘.झेडएफएस/स्नॅपशॉट’ फोल्डरमधून एखादी जुनी फाइल खरोखर उघडून पाहा.