एकांकिकेत गावाकडचा माणूस करायचाय? मग आधी तालुका ठरवा

कॉलेजची एकांकिका असो नाहीतर सोसायटीच्या गणपतीतलं नाटक, गावाकडचं पात्र मिळालं की बहुतेक जण तेच करतात, ण चा न करायचा, आवाज चढवायचा, दर वाक्याला "आवं" नाहीतर "आरं तिच्या" लावायचं, झालं. हशा येतो, पण तो उच्चाराला येतो, पात्र काय बोललं त्याला नाही.

तर पहिलं काम, माणूस कुठला ते ठरवा. नुसतं "गावाकडचा" असं काही नसतं. कोल्हापूरकडचा "आलतो, गेलतो" म्हणेल आणि तिकडच्या बायकासुद्धा "मी आलो" म्हणतात. वऱ्हाडातला "मले, तुले" म्हणेल, डोळ्याला डोया म्हणेल. मालवणी माणूस "खंय गेल्लंस" विचारेल. एका वाक्यात कोल्हापूर आणि दुसऱ्यात अमरावती झालं की जाणकार प्रेक्षक तिथंच सुटला.

बोली शिकायची तर त्या भागातल्या माणसाला "जरा बोलून दाखवा ना" असं म्हणू नका, लगेच ते छापील मराठी बोलायला लागतात. परवानगी घेऊन फोन रेकॉर्डिंगला ठेवा आणि भावकीतल्या भांडणाचा नाहीतर बैल विकल्याचा किस्सा विचारा, मग बघा. ऐकताना शब्दांपेक्षा चाल पकडा, वाक्य कुठं ओढतात, कुठं तोडतात ते. माझं मत असं की चाल जमली तर अवघड शब्द निम्मे गाळले तरी चालतात, उलटं केलं तर मात्र पाठांतर वाटतं.

हाताला काम द्या. उकिडवं बसून डाव्या तळव्यावर तंबाखू घ्यायची, नखाने चुना, उजव्या अंगठ्याने मळायचं, दोन थापट्या मारून भुकटी उडवायची आणि चिमूट ओठाखाली, आणि हे सगळं चालू असताना संवाद चालू ठेवायचा, समोरच्याकडे न बघता. चिमूट ठेवल्यावर बोलणं थोडं बदलतं, तेही घ्या. स्टेजवर खरी नको, ओवा चालतो. उकिडवं बसायची सवय मात्र आधीपासून करा, शहरातल्या पोरांच्या टाचाच टेकत नाहीत.

कपडे म्हणाल तर आजच्या गोष्टीत धोतर लागेलच असं नाही, पँट-शर्ट, गळ्यात टॉवेल, खिशात मोबाईल हेच खरं दिसतं. जुनी गोष्ट असेल तर नवंकोरं पांढरं धोतर चहाच्या पाण्यात बुडवून वाळवा, नाहीतर लाइटमध्ये चमकतं. पण कपड्यांवर फार भिस्त नको. लक्ष्मण देशपांडेंनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने ५२ पात्रं उभी केली, ती काय ५२ वेळा कपडे बदलून नाही!

आता विनोद, आणि इथंच खरी मजा आहे. तमाशातला सोंगाड्या बघा, गौळणीतला, म्हणजे कृष्ण-गवळणींच्या भागातला, पेंद्या असो की वगातला, म्हणजे नंतरच्या नाट्यातला, हवालदार, तो बावळट दिसतो पण सगळ्यात हुशार तोच असतो, राजाला टोमणा मारायची मुभा त्यालाच. उदाहरणार्थ राजा म्हणतो, "शिकारीला चल आमच्यासंगं." सोंगाड्या म्हणतो, "नगं म्हाराज, मागल्या येळंला वाघानं तुमचं नाव इचारलं आन तुमी माझं सांगितलं." हे वाक्य ओरडून, डोळे वटारून म्हटलं की मेलं. खाली बघत, अगदी कामाची माहिती दिल्यासारखं म्हणा आणि गप्प बसा. हशा यायला जरा वेळ लागतो, तोपर्यंत पुढचं वाक्य टाकू नका आणि स्वतः तर अजिबात हसू नका.

एक टेस्ट सांगतो. तेच वाक्य साध्या प्रमाण मराठीत म्हणून बघा, तरी हसू आलं तर ठेवा, नाही आलं तर लेखकाला बदलायला सांगा.

आणि धोतर असेल तर आतून हाफ पँट घाला, वरून कमरेला करदोडा घट्ट बांधा आणि धोतर नेसूनच निदान शेवटच्या चार तालमी करा, जिन्यावरून चढउतरसुद्धा, कारण ते सुटतं ते नेमकं एंट्रीलाच.