बायबलमधील वंशावळ्या कशा वाचाव्यात

वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंत अनेक ख्रिस्ती घरांत पवित्र शास्त्राचे नित्य वाचन होते. परंतु त्यातील ‘पहिला इतिहास’ या पुस्तकाचे आरंभीचे, वंशावळ्यांनी भरलेले नऊ अध्याय आले की वाचणारा पाने उलटून पुढे जातो. कोकणात घराण्यांचे कुलवृत्तान्त छापण्याची जुनी परंपरा आहे आणि ते चाळताना आपण आपल्या शाखेचे पान तेवढे शोधतो; शास्त्रातील याद्यांमध्ये आपले पान नाही, असे मानूनच बहुधा त्या वगळल्या जातात. हे नुकसान टाळता येण्यासारखे आहे.

एका बैठकीत एकच यादी घ्यावी आणि ती मोठ्याने वाचावी. मनात वाचताना नावे डोळ्यांखालून निसटतात. मोठ्याने वाचताना यादीची चाल कानाला कळते आणि ती जेथे मोडते तेथे थांबता येते. ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायात प्रत्येक पूर्वजाची नोंद त्याच्या मरणापाशी संपते. केवळ हनोखाविषयी, तो देवाबरोबर चालला आणि देवाने त्याला नेले, असे लिहिले आहे. त्याचे आयुष्य ३६५ वर्षांचे, म्हणजे त्या यादीत सर्वांत कमी. अशा जागी पेन्सिलीने खूण करावी, कारण लेखकाला जे सांगायचे असते ते बहुधा तेथेच असते.

त्यानंतर खूण केलेल्या नावाची मूळ कथा काढून वाचावी. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या पहिल्या अध्यायात येशूची वंशावळ आहे; तिथे पित्यांच्या ओळीत तामार, राहाब आणि रूथ या स्त्रिया येतात, आणि दावीद राजापाशी ‘उरीयाची बायको’ असा उल्लेख येतो. उत्पत्तीचा ३८ वा अध्याय उघडल्यावर कळते की यहूदाने तामार या आपल्या विधवा सुनेला दिलेला शब्द पाळला नव्हता आणि अखेरीस, ती आपल्यापेक्षा नीतिमान आहे, हे त्याला सर्वांसमक्ष कबूल करावे लागले. दाविदाच्या बाबतीत तर ज्याची बायको त्याने घेतली आणि ज्याचा घात करवला त्या उरीयाचे नावच मसीहाच्या वंशावळीत कायमचे कोरले गेले आहे. आपल्या घराचा इतिहास मुलांना सांगताना आपण कोणावर अन्याय केला त्याचे नाव आपण घेतो का, हा प्रश्न येथे टाळता येत नाही. कॅथलिक चर्चमध्ये १७ डिसेंबरच्या मिस्सात हाच उतारा वाचला जातो. नाताळच्या तयारीत त्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवावी.

काही धडे दोन-तीन याद्या एकत्र ठेवल्यावरच दिसतात. कोरहाने मोशेविरुद्ध बंड केले आणि तो नाश पावला. मात्र ‘गणना’ या पुस्तकाच्या २६ व्या अध्यायातील शिरगणतीत त्याचे मुलगे मेले नाहीत, अशी एका ओळीची नोंद आहे. पहिल्या इतिहासाच्या सहाव्या अध्यायात मंदिरातील गायक हेमान याची वंशरेषा शमुवेलातून मागे जात याच कोरहापर्यंत पोहोचते, आणि ४२ व ८४ ही स्तोत्रे कोरहाच्या मुलांच्या नावावर आहेत. गावात आजोबांच्या कृत्याचा ठपका नातवंडांवर ठेवला जात असेल, तर ही तीन ठिकाणे एकत्र वाचून दाखवावीत.

मला सर्वांत निकडीची वाटते ती सलाफहादाची नोंद. त्याच शिरगणतीत त्याला मुलगा नव्हता असे सांगून महला, नोआ, होग्ला, मिल्का व तिरसा या पाच मुलींची नावे दिली आहेत, आणि पुढच्याच अध्यायात त्या मोशेसमोर उभ्या राहून बापाच्या वतनाचा वाटा मागतात. त्यांचे म्हणणे योग्य आहे, असा निर्वाळा स्वतः परमेश्वर देतो. आपल्याकडे वडील गेल्यावर सातबाऱ्यावर वारसनोंद करण्याची वेळ येते, तेव्हा सासरी गेलेल्या बहिणींकडून हक्कसोडपत्रावर सही घेणे हा पुष्कळ घरांत शिरस्ताच होऊन बसला आहे. मृत्युपत्र नसेल तर भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार ख्रिस्ती कुटुंबातील मुलगा व मुलगी यांना समान वाटा मिळतो. हा अध्याय वाचणाऱ्या भावाने तलाठ्याकडे जाण्यापूर्वी बहिणीशी मोकळेपणाने बोलावे, आणि वाडीतील कलमे किंवा घराची जागा यांबाबत तिची इच्छा काय आहे ते विचारावे.

नावांतून गूढ संकेत काढण्याचा किंवा आकड्यांची कोडी सोडवण्याचा मोह मात्र आवरावा. मत्तयाने चौदा-चौदा पिढ्यांची मांडणी साधताना योराम व उज्जीया यांच्यामधील तीन राजे वगळले आहेत, म्हणजे त्याची यादी हे संपूर्ण दप्तर नव्हे; आणि अंत नसलेल्या वंशावळ्यांच्या वादात पडू नये, असे पौलानेही तीमथ्याला बजावले आहे.

नव्याने आरंभ करणाऱ्याने रूथच्या पुस्तकातील शेवटची पाच वचने घ्यावीत. त्यांत पेरेसापासून दाविदापर्यंत केवळ दहा नावे आहेत आणि त्यांच्यामागची कथा त्याच पुस्तकात आहे. त्यानंतर मत्तय वाचावा, मग गणना, आणि पहिला इतिहास सर्वांत शेवटी. तेथे कुंभार, तलम वस्त्रे विणणारी घराणी आणि तव्यावरच्या भाकरींची जबाबदारी सांभाळणारा लेवी, म्हणजे मंदिरसेवा करणाऱ्या वंशातला माणूस, यांच्याही नोंदी आहेत. त्या सावकाश वाचाव्यात.