दर आठवड्याला आपलं काम कोण ऐकणार, ते आधी विचारा

गोव्यातल्या सत्तरी आणि डिचोलीच्या गावांत मी मानसिक आधाराच्या कामाचं प्रशिक्षण देते. शिकायला येतात त्या अंगणवाडीच्या सेविका, स्वयंसहाय्य गटातल्या बायका, नुकतीच बारावी झालेली मुलंमुली. त्याआधी बरीच वर्षं मी आरोग्य केंद्रात समुपदेशक होते. या कामात यायचं मनात असलेली माणसं मला बहुतेक एकच विचारतात, "मॅडम, आमचं शिक्षण एवढंच, आम्हाला हे जमेल काय?"

जमतं. ते जमतं हे जगाला दाखवून देण्यात आपल्या गोव्याचा मोठा वाटा आहे, हे आपल्याकडच्या फार कमी लोकांना माहीत असतं. मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 मध्ये गोव्यात ‘संगाथ’ ही संस्था सुरू केली. पुढे ‘मानस’ नावाच्या अभ्यासात आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत साधं प्रशिक्षण घेतलेले समुपदेशक नेमले. 2010 मध्ये त्याचे निष्कर्ष आले, तेव्हा सरकारी केंद्रांत येणाऱ्या रुग्णांना फायदा झालेला स्पष्ट दिसला. त्यानंतर तीव्र नैराश्य असलेल्यांसाठी ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’ तयार झाला. सहा ते आठ भेटींचा हा कार्यक्रम मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी दिला. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा तो घेतलेल्यांपैकी 64 टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, तर केवळ नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी 39 टक्के. हे आकडे मी प्रत्येक वर्गात पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिते. आपण कुणाच्या तरी जागी तात्पुरते उभे आहोत असं शिकणाऱ्याला वाटता कामा नये.

गरजही तेवढीच मोठी आहे. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात बहुतेक मानसिक आजारांत 70 टक्क्यांहून जास्त लोक उपचारांपर्यंत पोचलेलेच नव्हते. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी पहिल्यांदा 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये बंद पडल्या, तेव्हा आमच्या भागात दारात उभे राहिलेले ट्रक, बँकेचे हप्ते आणि घरात गप्प बसलेले पुरुष मी पाहिलेत. ते स्वतःहून डॉक्टरकडे गेले नाहीत. त्यांच्या बायका गेल्या, त्याही डोकं दुखतं, झोप लागत नाही, अंगात ताकद नाही असं सांगत.

आता शिकवण्याबद्दल. नवीन माणसाला वाटतं की आजारांची नावं पाठ करायची असतात. नावं लागतात, पण थोडी. सगळ्यात जास्त वेळ जातो तो सल्ला द्यायची सवय मोडण्यात. आपल्या गावात कुणी दुःख सांगितलं की ऐकणाऱ्याने लगेच उपाय सांगायचा अशीच रीत आहे, आणि ती मायेपोटीच असते. म्हणून पंचायतीच्या सभागृहात आम्ही जोड्या लावतो. एकीने आपली खरीखुरी, पण झेपेल एवढी अडचण सांगायची, दुसरीने दहा मिनिटं फक्त ऐकायचं आणि विचारायचं. "असं कर", "तसं करू नकोस", "माझ्या जावेचंही असंच झालं होतं" ही वाक्यं बंद. तिसऱ्या-चौथ्या मिनिटाला बहुतेकींचे हात अस्वस्थ होतात, ओढणीशी, पदराशी खेळायला लागतात. तिथे टिकून राहायला जमलं की पुढचं सगळं शिकवता येतं.

मग येते नैराश्य ओळखायची ‘पीएचक्यू-9’ ही प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण 27. दहा किंवा जास्त गुण आले तर लक्ष द्यायला हवं. पहिले आठ प्रश्न सगळे नीट विचारतात. नववा प्रश्न मरून गेलेलं बरं असं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. तिथे आवाज खाली जातो, नजर कागदावर जाते, आणि कुणी कुणी प्रश्नच फिरवून विचारतं, "तसलं काही मनात येत नाही ना?" अशा प्रश्नाला समोरचा ‘नाही’च म्हणणार. मी तो प्रश्न वर्गातल्या प्रत्येकीकडून मोठ्याने, सरळ, समोरच्याच्या डोळ्यांत बघून म्हणवून घेते, घशात न अडकेपर्यंत. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात तो विचार नव्याने शिरत नाही. उलट अनेकांना कुणीतरी विचारलं याचाच मोकळेपणा वाटतो.

उत्तर ‘हो’ आलं तर काय करायचं हे लेखी असलंच पाहिजे. त्या माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातल्या विश्वासाच्या माणसाला त्याच्या संमतीने बोलवायचं, कीटकनाशक किंवा गोळ्या हाताशी असतील तर त्या बाजूला करायला सांगायचं, त्याच दिवशी वरिष्ठांना फोन करायचा. जीव धोक्यात दिसला तर गुप्ततेपेक्षा जीव आधी. ‘टेली मानस’ या मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा 14416 हा क्रमांक ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे, फुकट आणि चोवीस तास. तो प्रत्येकीला तोंडपाठ हवा. लोकांना पोलिसांची भीती वाटते. त्यांना सांगायचं, 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या 115 व्या कलमानुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरलं जातं आणि तिची काळजी घेणं ही सरकारची जबाबदारी आहे.

नैराश्यावरचं प्रत्यक्ष काम ऐकायला फार साधं वाटतं. मन लागलं की काम करू, असं आपण म्हणतो. इथे उलट्या बाजूने सुरुवात होते: आधी छोटं काम, मग हळूहळू मन. उदाहरण देते, ते अनेक घरांचं मिळून आहे, कुणा एकीचं नाही. एक वहिनी सकाळी उठायच्याच नाहीत. आधी त्या अबोलीचे वळेसर, म्हणजे गजरे, करून बाजारात द्यायच्या, ते बंद झालं होतं. पहिल्या आठवड्याचं काम ठरलं, सकाळी सात वाजता तुळशीला पाणी घालायचं आणि पाच मिनिटं अंगणातच बसायचं. बस्स. नव्या समुपदेशकाला हे फारच थोडं वाटतं, तिला एकदम वळेसरांपर्यंत जायचं असतं. पण जे काम या आठवड्यात नक्की होईल तेवढंच ठरवायचं. तक्त्यात वार, वेळ, काम आणि नंतर कसं वाटलं हे लिहायचं. लिहिता येत नसेल तर गोल चेहरे काढायचे, हसरा, साधा, रडका. पुढच्या भेटीची सुरुवात त्या तक्त्यापासूनच करायची. काम झालं नसेल तर ओरडायचं नाही, मध्ये काय आलं ते विचारायचं. त्या वहिनींच्या मध्ये सासूचा सकाळचा चहा येत होता. मग सासूशी बोलणं हेच पुढच्या आठवड्याचं काम झालं.

दारूचं काम वेगळं. दुपारी बाराला तवेर्नात, म्हणजे दारूच्या गुत्त्यात, बसलेल्या माणसाला "सोड" म्हणणारे गावात ढीगभर असतात, आपण त्यांच्यात भर घालायची नाही. त्याला स्वतःला काय हवंय ते विचारायचं, मुलीचं शिक्षण, पोटाचं दुखणं, परत गाडी चालवायची इच्छा. गोव्यातच याचाही चार भेटींपर्यंतचा कार्यक्रम तपासून पाहिला गेलाय. नेहमीचेच उपचार मिळालेल्यांपैकी 26 टक्के बरे झाले, तर हा कार्यक्रम घेतलेल्यांपैकी 36 टक्के. फरक नैराश्याच्या कामाएवढा मोठा नाही, हे शिकणाऱ्यांना आधीच सांगावं, म्हणजे त्या लवकर खचत नाहीत. एक मात्र पक्कं लक्षात ठेवायचं: रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम बंद केली तर झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो. त्याला डॉक्टरकडेच न्यायचं.

आवाज ऐकू येणं, कुणीतरी मागावर आहे असं वाटणं, दिवसेंदिवस न झोपता बडबडणं, असे आजार आपण बोलून बरे करत नाही. तिथे औषध लागतं आणि आपलं काम सोबतीचं: बांबोळीच्या मनोरुग्णालयात जायला तयार करणं, बरोबर जाणं, गोळ्या चालू राहतात का ते पाहणं, अपंगत्वाच्या दाखल्याचे कागद जमवणं. घरच्यांनी आधी देवळात कौल लावलेला असतो, घाडीकडे, म्हणजे गावच्या मांत्रिकाकडे, जाऊन आलेले असतात. त्यावर वाद घालणारा समुपदेशक त्या घरात पुन्हा पाऊल टाकू शकत नाही. मी शिकवते, "कौल लावलात ते बरं केलंत, आता बांबोळीलाही जाऊन येऊ." मात्र कुणाला बांधून ठेवलं असेल, मारहाण होत असेल, तर गप्प बसायचं नाही.

हे सगळं वर्गात शिकवता येतं. पण वर्ग संपल्यावर माणूस एकटा पडला तर दोन-तीन महिन्यांत तो पुन्हा सल्ले द्यायला लागतो, आणि दुसऱ्यांची दुःखं ऐकून ऐकून आतून थकतो. म्हणून माझं ठाम मत आहे: प्रशिक्षण किती दिवसांचं, प्रमाणपत्रावर कुणाची सही, हे नंतर बघा. दर आठवड्याला तुमचं काम कोण ऐकणार, ते आधी विचारा. गोव्यातल्या त्या अभ्यासांत समुपदेशक संमतीने भेटी ध्वनिमुद्रित करत, गटात बसून एकमेकांच्या ऐकत आणि ठरलेल्या मुद्द्यांवर गुण देत. सहकाऱ्यांनी दिलेले गुण तज्ज्ञांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळले. म्हणजे तज्ज्ञ रोज जवळ नसला तरी दर्जा राखता येतो.

आमच्या बैठकीत हे असं होतं. ध्वनिमुद्रणात बाई म्हणते, "रात्री दोनला उठून बसते." समुपदेशक पटकन म्हणते, "काळजी करू नका, होईल सगळं बरं." तिथे थांबवायचं. बाकीच्या विचारतात, इथे दुसरं काय म्हणता आलं असतं? कुणी म्हणते, "दोनला उठल्यावर काय करता?" पुढच्या भेटीत हाच प्रश्न विचारला जातो आणि कळतं की ती बाई मागच्या दारी जाऊन विहिरीकडे बघत बसते. ही गोष्ट "होईल बरं"च्या खाली तशीच राहिली असती. अशी बैठक जिथे होत नाही, तिथे जाऊ नका असंच मी सांगते, पगार थोडा जास्त असला तरी.

गुप्ततेबद्दल एवढंच, की गावात सगळे एकमेकांचे नातेवाईक असतात. कदंबाच्या बसमध्ये सासू तुम्हाला विचारणारच, "आमची सून काय म्हणत होती?" "काकी, ते तिलाच विचारा" हे वाक्य हसऱ्या चेहऱ्याने म्हणायचा सराव आम्ही वर्गातच करून घेतो. आपल्याच वाड्यावरची केस शक्यतो घेऊ नये. वही घरात उघडी ठेवू नये, त्यात पूर्ण नाव लिहू नये.

शिक्षणाचं म्हणाल तर सुरुवातीला दहावी-बारावी पुरते. पुढे जायचं असेल तर समाजकार्यात किंवा मानसशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्या. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणवून घ्यायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता असलेला अभ्यासक्रम आणि नोंदणी लागते. तोवर स्वतःला समुपदेशकच म्हणा, डॉक्टर म्हणून कुणी हाक मारली तर तिथल्या तिथे दुरुस्त करा. आणि रुजू व्हायच्या आधी बसभाडं कोण देणार, फोनचं रिचार्ज कोण करणार, रात्री आलेला फोन कुणाकडे वळवायचा, गणेश चवथीच्या दिवसांत केसेस कोण बघणार, हे सगळं लिहून मागा.